नांदतंय की भांडतंय

मी आयुष्यात व्रतं पुष्कळ केली. सोळा सोमवार झाले, वटसावित्री दरवर्षीची, चातुर्मासात कधी गूळ सोड, कधी पानात दुसऱ्यांदा मागून घ्यायचं सोड. पण एक व्रत असं आहे, जे मी कुठल्याच देवापुढे घेतलं नाही. ते मी कावळ्यापुढे घेतलं.

आमच्या शेजारच्या पेंडसे सरांचा दहावा होता. नदीकाठच्या घाटावर आम्ही मोजकीच माणसं होतो. सरांच्या पत्नी शैलाताई, आमचे हे, मी आणि वरच्या मजल्यावरची प्रणाली. पिंड मांडून झाला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या कठड्यावर बसून मान वाकडी करून नुसता बघत होता.

यांनी हात जोडून सांगितलं, "सर, शैलावहिनींना काही कमी पडू देणार नाही." कावळा ढिम्म.

प्रणाली म्हणाली, "सर, आपलं मंडळ बंद नाही पडू देणार, प्रॉमिस." कावळ्याने पंख झाडले, पण तेवढंच.

मग यांनी पिशवीतून छोटी बाटली काढली, द्रोणात चार लाल थेंब ओतले आणि द्रोण पिंडाशेजारी ठेवला. गुरुजींनी विचारलं, "हे काय?"

"द्राक्षासव," हे म्हणाले.

गुरुजींनी द्रोणाकडे बघितलं, मग यांच्याकडे. "असू दे. मलाही वैद्यांनी दिलंय, पण त्याला असा वास येत नाही."

तरी कावळा बसूनच. शैलाताई बाजूला उभ्या होत्या. सर गेल्यापासून चहाशिवाय त्यांच्या पोटात काही राहत नव्हतं. काहीही पुढे केलं की म्हणायच्या, "राख लागते गं, सुनंदा." त्यांच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर जात होती, ती मला दिसली. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, सर, शैलाताईंच्या तोंडाला चव येईल त्या दिवसापर्यंत मी मीठ खाणार नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत.

डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडावर होता. द्रोण आडवा झाला होता आणि कावळ्याची चोच ओली होती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. व्रत बोललं की पातळ होतं, असं माझी आई म्हणायची.

* * *

आता तुम्ही विचाराल, दहाव्याला वाईन कशाला? म्हणजे मंडळाबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळाच्या किश्श्यांचं असं आहे, की फडताळातला एक डबा ओढावा आणि त्याच्या मागचे सगळे घसरत पुढे यावेत. एक सांगून थांबता येत नाही.

पेंडसे सर रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी महिन्यातून एका रविवारी, भर दुपारी, आमच्या जेवणाच्या टेबलावर एक बाटली आणायला सुरुवात केली. नाशिककडची, लाल आणि स्वस्तातली, हा नियम. "महागाची कुणालाही चांगली लागते हो, बिल आठवतं ना. स्वस्तातली चांगली ओळखायची तर जीभ लागते." दुपारचीच वेळ का, तर भुकेली जीभ खोटं बोलत नाही आणि उजेडात रंग कळतो. पांढऱ्या कागदापुढे ग्लास तिरका धरून रंग बघायचा, मग वास, मग एक घोट तोंडात फिरवायचा, मग जेवण.

सोसायटीत बाकीच्यांना आम्ही 'रविवारचं जेवण' एवढंच सांगायचो. ते खोटं नव्हतं.

मी थेंबही घेत नाही. पण सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, तुम्ही नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करता. म्हणजे अख्ख्या कोथरूडात तयार नाक तुमचं. नुसता वास घ्या आणि सांगा, हिच्याबरोबर काय रांधाल?"

खरं आहे ते. नैवेद्य चाखायचा नाही ही माहेरची शिस्त. पुढे रोजचं जेवणही न चाखताच करायची सवय लागली. शिजलेलं आवाजाने कळतं, मीठ हाताने, बाकी सगळं नाकाने. हात कधी चुकतो. मग शैलाताई पहिल्या घासाला म्हणायच्या, "सुनंदा, मीठ कमी आहे." वर्षानुवर्षं तेच वाक्य. आणि बहुतेक वेळा असायचंही कमी.

मी देवघराचा पडदा ओढला आणि ग्लास नाकाशी नेला. नुसतं आंबट. सर म्हणाले, "घाई नको." त्यांच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती, ती ग्लासवर वाजवली. टक्. हे ते दर वेळी करायचे, आरती सुरू करायच्या आधी घंटा वाजवावी तसं. मग त्यांनी ग्लास हलकेच गोल फिरवला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला. आता जांभूळ आलं, त्याच्यामागून काळी मिरी आणि अगदी शेवटी कात लावलेल्या सुपारीसारखं काहीतरी.

"भरली वांगी," मी म्हटलं. "दाण्याचं कूट आणि तीळ जास्त, तिखट बेताचं."

सर खूश झाले. म्हणाले, "आपल्याकडे 'तुरट' हा शब्द आहे, त्यामुळे निम्मं काम सोपं. लाल वाईन तुरट. तुरटाला तेलकट, दाणेदार माया लागते." वांगी झाली, सरांनी घोट घेतला, घास घेतला, पुन्हा घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "नांदतंय."

तेव्हापासून मंडळात दोनच निकाल. पदार्थ आणि वाईन एका घरात सुखाने राहिली तर 'नांदतंय', नाहीतर 'भांडतंय'. पुरणपोळीबरोबर भांडली. गोडापुढे वाईन नुसती आंबट होऊन बसते. लोणी लावलेल्या थालीपिठाबरोबर नांदली. शिळ्या थालीपिठाबरोबर जास्त नांदली.

त्या पहिल्या दिवशी हे मला म्हणाले, "आघ्राणे अर्धभोजनम्. वासाने अर्धं जेवण होतं, म्हणजे सुनंदा, तू अर्धी प्यायलीस."

मी दुसऱ्या दिवशी अर्धा उपास केला.

* * *

प्रणाली मूळची अकोल्याची, इथे आयटीत. नवरा बहुतेक वेळ बंगळुरूला, म्हणून तिला आम्ही मंडळात ओढलं. तिने एका मे महिन्यात पातोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या आणि वर बोटभर लाल तर्री.

आधी वाईनचीच पंचाईत. यांनी बाटली टेबलावर तशीच ठेवलेली. म्हणाले, "लाल वाईन खोलीच्या तापमानाला पितात, मी वाचलंय."

"ती खोली तिकडची," सर म्हणाले. "कोथरूडची मे महिन्यातली खोली म्हणजे इस्त्रीचं दुकान. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा."

मग रस्सा झाला. प्रणालीने एक घास घेतला, त्यावर घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी. "काकू, वाईन चढली नाही जी, पेटली."

"तिखट आणि तुरट," सर म्हणाले. "एकमेकांना चिथावतात. हे भांडण नाही, ही दंगल आहे." मग त्यांनीच तोडगा काढला. वड्या रश्शातून बाहेर काढायच्या, वर साजूक तूप आणि ओलं खोबरं घालायचं, रस्सा भाताबरोबर वेगळा. तंटा मिटला.

त्याच दुपारी सरांनी ग्लास फिरवून आतल्या काचेवरचे ओघळ दाखवले. "यांना वाईनचे पाय म्हणतात."

प्रणाली ग्लासला नाक लावून बघत होती. "पण सर, हे खाली कुठे येताहेत? वर चढताहेत."

"आधी चढतात, मग उतरतात. अल्कोहोल लवकर उडतं, म्हणून तसं होतं."

शैलाताई म्हणाल्या, "म्हणजे उलटे पाय. मग हिला अमावास्येला उघडू नका."

सगळ्यांत जास्त सर हसले. अंगठी वाजवून म्हणाले, "मी गेल्यावर आलो, तर पाय बघून मगच ग्लास द्या हं."

आम्हीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

सरांची आणखी एक खोड होती. ग्लासातला तळाचा घोट ते कधी प्यायचे नाहीत. तळाला गाळ असतो आणि कुठलीच गोष्ट पार संपवू नये, असं त्यांचं म्हणणं. शैलाताई ग्लास विसळताना पुटपुटायच्या, "न संपवणाऱ्यांचं काय जातं, धुणारी मी."

* * *

सर गेल्यावर मंडळ पहिल्यांदा भरलं, तेव्हा यांनी सवयीने पाच ग्लास मांडले. शैलाताईंचा, यांचा स्वतःचा, प्रणालीचा, माझा वास घ्यायचा, आणि पाचवा. लक्षात आल्यावर उचलायला हात पुढे केला, तर शैलाताई म्हणाल्या, "असू दे." म्हणून थोडी त्यातही ओतली.

शैलाताईंनी मऊ भाताचे दोन घास खाल्ले, घोटभर वाईन घेतली आणि म्हणाल्या, "पाणी आहे की वाईन, मला कळत नाही." पाचव्या ग्लासाला कुणी हात लावला नाही. तो आवरायचं माझ्याने होईना, म्हणून तिथेच टेबलावर ठेवला.

सकाळी बघते तर तळाचा एक घोट उरलेला.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "बाष्पीभवन. धरणाचं पाणीसुद्धा असंच उडतं, लोकांना वाटतं चोरी झाली."

पुढच्या महिन्यात मी ग्लासवर वाटी उपडी घातली. सकाळी वाटी तशीच, जागची हललेली नाही, आणि आत तळाचा एक घोट. मी यांना बोलावून दाखवलं. यांनी वाटी उचलली, आत बघितलं, पुन्हा ठेवली.

"वाटीला फट असेल," हे म्हणाले आणि फिरायला निघून गेले. पायात चपला दोन वेगवेगळ्या होत्या.

* * *

श्रावणात हे कर्वेनगरला नेहमीच्या दुकानात बाटली आणायला गेले. स्वतःच निवडायची म्हणून फळ्या धुंडाळत होते. दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "काका, शोधताय कशाला? तुमची बाजूला ठेवलीय ना."

"माझी?"

"तुमच्या त्या मास्तरांनी सांगितली होती. काल की परवा येऊन गेले. म्हणाले, ही शिराझ त्यांच्याकडे द्या, पण आता उघडू नका म्हणावं, वांगी यायची आहेत."

यांनी विचारलं, "कोण मास्तर?"

"चष्मा दोरीला बांधलेले. बोलताना काउंटरवर अंगठी वाजवतात ते."

हे बाटली घेऊन घरी आले आणि दारातच बसले. मी पाणी दिलं. म्हटलं, "त्याचा काहीतरी गोंधळ झाला असेल. कोथरूडात दोरीच्या चष्म्याचे मास्तर काय कमी आहेत?"

"तेच मी त्याला म्हटलं," हे म्हणाले. "तो म्हणाला, असतील, पण खडूचा वास यांनाच येतो."

मी बाटली हातात घेतली. साधीच होती, शिराझ द्राक्षांची, फिरकीच्या झाकणाची. आणि 'वांगी यायची आहेत' म्हणजे काय, हे त्या दुकानदाराला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आमच्याकडे चातुर्मासात वांगी येत नाहीत. ती येतात थेट चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग.

मी बाटली धान्याच्या कोठीमागे आडवी ठेवली. सांगितलंच होतं, तर थांबू या म्हटलं.

* * *

हा किस्सा अगदी छोटा आहे.

प्रणाली एका सोमवारी मला लिफ्टमध्ये म्हणाली, "काकू, तुम्ही दुपारी काय ठोकता? मी मीटिंगमध्ये असते, खालून एकच आवाज येतो. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक्."

"कधी गं?"

"रविवारी पण आला. बाराच्या सुमारास."

रविवारी बाराला आमच्या घराला कुलूप होतं. मी देवळात होते, हे भाचीकडे.

मी म्हटलं, "बघते हं." दुसरं काय म्हणणार? तिला एकटीला राहायचं असतं त्या घरात.

* * *

इकडे शैलाताई दिवसेंदिवस उतरत चालल्या होत्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं. नाक बरं, जीभ बरी, पोट बरं. शैलाताई त्यांना म्हणाल्या, "सगळंच बरं आहे तर मी आजारी कशाला आहे?" डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अन्न पोटात गेलं नाही, तर भरती करावं लागेल. आणि या वयात असं भरती झालेलं माणूस..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. मला ते ऐकू आलं.

प्रणालीने इंटरनेटवर वाचून रोज सकाळी वासांचा व्यायाम सुरू केला. कॉफी, लवंग, लिंबाची साल, एकेक नाकाशी धरायची आणि डोळे मिटून आठवायचं.

"काय आहे, काकू?"

"लवंग."

"येतोय वास?" प्रणाली उडालीच.

"नाही. डबीवर लिहिलंय."

मी रोज काहीतरी करून न्यायची. मुगाची खिचडी, ताकाची कढी, त्यांच्या माहेरची म्हणून सोलाण्याची, म्हणजे ओल्या हरभऱ्याची, उसळ. घास तोंडात घेऊन त्या बसून राहायच्या, जणू पोस्टाच्या खिडकीपाशी उभ्या आहेत आणि आतला माणूस जागेवर नाही. मग गिळायच्या. मी विचारायची, "मीठ?" त्या म्हणायच्या, "असेल."

'मीठ कमी आहे' हे वाक्य ऐकायला माझे कान किती आसुसले होते, काय सांगू.

माझं व्रत चालूच होतं. माझ्यापुरतं वेगळं अळणी शिजवायची आणि मी सगळ्यांच्या मागून जेवते, त्यामुळे पानात काय आहे, काय नाही, कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे पान वाढताना पहिलं मीठ वाढतात, डाव्या कोपऱ्यात. माझ्या पानाचा तो कोपरा रिकामा. पहिल्यांदा फार जड गेलं. मग हळूहळू भाकरीतली गोडी कळायला लागली, दुधीतलीसुद्धा. पण शैलाताईंकडे जाऊन आले की वाटायचं, देव आपलं ऐकतोय ना? की मी नुसतीच अळणी खातेय?

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात डबा ठेवत होते, तर एकाएकी जांभळाचा वास आला. त्यामागून काळी मिरी. मग सुपारी. हिवाळा तोंडावर आलेला, जांभळं कुठली असणार? मी मागे वळून बघितलं. शैलाताई खुर्चीत बसल्या होत्या, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

"तुम्हाला काही वास येतोय?" मी विचारलं.

"मला कुठला येतोय," त्या म्हणाल्या. "पण तुझा चेहरा बघून वाटलं, आला असेल."

* * *

आणि हा शेवटचा.

चंपाषष्ठी नेमकी मंडळाच्या रविवारी आली. देवाचं आधी, मंडळाचं नंतर. पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक केला. रोडगे, भरीत आणि कोवळी काटेरी भरली वांगी, दाण्याचं कूट आणि तीळ घालून, पहिल्या दिवशी केली होती तशीच. अर्थात न चाखता. नैवेद्य दाखवला, आरती झाली, तळी भरली. मग मी देवघराचा पडदा ओढला आणि कोठीमागची बाटली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताईंना भरती करायचं ठरलं होतं. प्रणालीने त्यांची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

त्या भिंतीला धरून धरून आल्या. खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, "आज शेवटचं दिसतंय सगळं. पानं छान मांडली आहेस."

"असं काय बोलता," हे म्हणाले. "उद्या दवाखान्यात जायचंय, काशीला नाही."

"दवाखान्यातलं जेवण बघितलंयत का? त्यापेक्षा काशी बरी."

यांनी पाच ग्लास मांडले. बाटली अर्धा तास गार केलेली. झाकण फिरवलं, ओतली. भर दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं आणि पाचही ग्लासांतून लाल कवडसे टेबलक्लॉथवर पडले होते. मी पानं वाढली, त्या दिवशी सगळ्यांबरोबर माझंही. सरांच्या खुर्चीपुढे ग्लास तेवढा ठेवला. खिडकीच्या गजांपाशी एक कावळा येऊन बसला होता. चंपाषष्ठीला बाहेर घास ठेवलेला असतो, कावळे येतातच.

कुणी जेवायला सुरुवात करेना. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलायचे ते सरच.

टक्.

प्रणालीने माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे, यांनी स्वतःच्या बोटांकडे. यांच्या बोटात अंगठी नाही. आमच्या कुणाच्याच बोटात नव्हती.

शैलाताईंनी मात्र शांतपणे ग्लास उचलला. फिरवला, नाकाशी नेला, थांबल्या. पुन्हा फिरवला. घोट घेतला. मग वांग्याचा घास मोडून तोंडात घातला. त्यांनी तो घास चावला. खूप वेळ चावला. कपाळाला आठी पडली.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

मला वाटलं, जुन्या सवयीने बोलल्या. प्रणालीलाही तसंच वाटलं असणार, तिने मान खाली घातली. यांनी पटकन एक घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं.

"कमी कसलं, मीठ नाहीच आहे," हे म्हणाले. "अगं, पार विसरलीस. देवालाही अळणीच दाखवलंस."

महिनोन्महिने स्वतःपुरतं अळणी शिजवून माझा हातच विसरला होता. चाखलं असतं तर कळलं असतं. आणि शैलाताईंना कळलं होतं. चाखून.

प्रणाली रडायलाच लागली. शैलाताईंचं लक्ष नव्हतं. त्या दुसरा घास मोडत होत्या, मग तिसरा. मध्ये घोट. "शिराझ आहे ना? मिरी लागतेय. वांगं आणखी वाढ. ते देठाचं नको, मधलं."

मी वाढायला उठले तेव्हा माझी नजर सरांच्या ग्लासवर गेली. तो आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भर उन्हात ठेवलेला होता. आता त्यात तळाचा एक घोट होता. आणि आतल्या काचेवर ओघळ होते, वर चढणारे.

खिडकीतला कावळा उडून गेला.

शैलाताईंनी मिठाची वाटी स्वतःकडे ओढली. मला वाटलं, वांग्यावर घालून घेताहेत. पण त्या उठल्या, भिंतीला न धरता उठल्या, आणि टेबलाला वळसा घालून माझ्या पानापाशी आल्या. पानाच्या डाव्या रिकाम्या कोपऱ्यात त्यांनी चिमूटभर मीठ वाढलं.

"आधी वहिनींना वाढ, म्हणतायत," त्या म्हणाल्या. "नदीवर मनात बोलल्या होत्या ते पुरं झालं म्हणावं. आता खा."

मग जागेवर जाऊन बसल्या, एक घोट घेतला, एक घास घेतला, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "हो हो, नांदतंय. कळलं."

* * *

शैलाताई आता आमच्याकडे रोज जेवतात आणि रोज मला बोलतात. यांनी बाष्पीभवनाचा विषय पुन्हा काढलेला नाही.

तुमच्याही शेजारीपाजारी, नात्यागोत्यात असं कुणी असेल, ज्याला सगळं राख लागतंय. तर माझं एवढं ऐका. त्या माणसासाठी तुम्हीही काहीतरी सोडा. मीठच सोडायला हवं असं नाही, पण रोज जिभेला आठवेल असं काहीतरी. कुणाला सांगू नका, ओठ हलवू नका. आणि जेवायला बसाल तेव्हा एक ग्लास जास्तीचा मांडा. भरलेलाच राहिला, तर राहिला.